न पडलेला छज्जा

मुंबईत लोखंड फार काळ लोखंड राहत नाही. खिडकीचे गज, गच्चीवरच्या टाकीखालचा स्टँड, जिन्याचा कठडा, कपडे वाळत घालायच्या दोरीचा हूक, सगळ्यांचा रंग दोन पावसाळ्यांत बदलायला लागतो. यात लोखंडाचा दोष नाही. खाणीतून ते निघतं तेच मुळी ऑक्साइडच्या रूपात. भट्टीत कोळसा जाळून आपण त्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि त्या कामी घातलेली ऊर्जा धातूत साठून राहते. ओल, मीठ आणि हवा एकत्र भेटली की धातू ती ऊर्जा सोडून देतो आणि होता त्या रूपाकडे परत निघतो. हे थांबवता येत नाही. किती वेगाने होऊ द्यायचं, एवढं मात्र ठरवता येतं. तो वेग मोजणं हेच माझं आयुष्यभराचं काम.

विद्युतरसायनशास्त्रात संशोधन केलं असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास बॅटरीबद्दल विचारतो. साहजिक आहे. 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, 2019 मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं, आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे आणि बेस्टच्या बसमध्येही. माझे कितीतरी विद्यार्थी त्या बाजूला गेले आणि उत्तम काम करताहेत. मी गंजापाशी राहिले. बॅटरी चांगली झाली की गाडी लांब धावते, सगळ्यांना दिसतं. गंजाचं काम चांगलं झालं तर काहीच होत नाही. छज्जा जागेवर राहतो, पाइप फुटत नाही, पूल उभा असतो. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, तिचं उद्घाटनही होत नाही. म्हणूनच तिच्याबद्दल सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझ्या मार्गदर्शक पोलरोग्राफीच्या पिढीतल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. यारोस्लाव्ह हेरॉव्स्की यांनी 1922 मध्ये प्रागला शोधलेली ही पद्धत, 1959 मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. आता ती प्रयोगशाळांतून जवळजवळ गेली. पारा विषारी, त्यामुळे गेली ते बरंच झालं. पण हात आणि डोळा तयार व्हायचा तो तिच्यावरच. केशनलिकेच्या टोकाला पाऱ्याचा थेंब फुगतो, तीन-चार सेकंदांनी गळतो, मागून दुसरा येतो. प्रत्येक थेंब म्हणजे कोरा करकरीत इलेक्ट्रोड. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं की प्रवाह पायरीपायरीने चढतो. पायरी कुठे आली यावरून द्रावणात शिसं आहे की कॅडमियम ते कळतं आणि पायरीच्या उंचीवरून त्याचं प्रमाण. पण त्याआधी द्रावणातून बराच वेळ नायट्रोजन सोडावा लागे, कारण हवेतून विरघळलेल्या ऑक्सिजनच्या स्वतःच्या दोन पायऱ्या असतात आणि त्या बाकी सगळं झाकून टाकतात.

"बाई, हा ऑक्सिजन कायम घालवायचाच असतो का?" असं मी एकदा विचारलं.

"अगं, घालवू नकोस मग. त्यालाच बघ," त्या म्हणाल्या आणि कपाटातून लोखंडी पत्र्याचा एक तुकडा काढला. एमरी पेपरने तो मला घासायला लावला, अगदी आरशाइतका नाही, पण लख्ख. मग त्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवला. थेंबात फिनॉल्फथॅलिन होतं आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांचा 1920च्या दशकातला हा प्रयोग. आधी थेंबभर निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसले. थोड्या वेळाने वाटणी झाली: मधोमध निळं, कडेने गुलाबी वलय आणि दोघांच्या मध्ये तांबूस गंजाचं कडं.

त्या थेंबाचा अर्थ लागला त्या दिवशी माझा विषय ठरला. निळा रंग म्हणजे लोखंड विरघळून त्याचे आयन पाण्यात उतरले. गुलाबी म्हणजे तिथलं पाणी अल्कधर्मी झालं, कारण हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड झाला. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून ऑक्सिजन तिथे सहज पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथे तो पोचत नाही. आणि लोखंड खाल्लं जातं ते मध्यभागी! जिथे ऑक्सिजन भरपूर तिथे धातू सुरक्षित, जिथे तो तोकडा तिथे खड्डा. इलेक्ट्रॉन पत्र्यातून मधून कडेकडे जातात, पाण्यातले आयन मंडल पूर्ण करतात, आणि नखाएवढ्या जागेत एक अख्खा विद्युतघट कुणीही तार न जोडता चालू राहतो. बोल्टच्या डोक्याखाली, वॉशरच्या फटीत, साचलेल्या धुळीखाली लोखंड आधी का कुजतं हे त्या थेंबाने मला सांगितलं. मुंबईत आणखी एक गोष्ट होते: उघड्यावरच्या लोखंडावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, वळचणीखालचं मीठ तसंच राहतं. समुद्राकडच्या इमारतींत पावसात भिजणाऱ्या भागापेक्षा आडोशाचा भाग पुष्कळदा जास्त गंजलेला सापडतो तो यामुळे.

आता प्रश्न मोजण्याचा. एका चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रोअँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर साधारण 11.6 मायक्रोमीटर लोखंड जातं. फॅरडेने 1830च्या दशकात मांडलेल्या नियमांवरून हा हिशेब शाळेतलं मूलही करू शकेल. पण हा प्रवाह मोजणार कसा? विरघळणारी जागा आणि ऑक्सिजन घेणारी जागा एकाच सळईवर, कधी एकमेकींना लागून. मध्ये अॅमीटर घालायला जागाच नाही. बाहेरून बघावं तर एकूण प्रवाह शून्य. या शून्याच्या आत दोन समान आणि विरुद्ध प्रवाह चालू असतात, आणि त्यातला एक सळई खात असतो. 1957 मध्ये स्टर्न आणि गिअरी यांनी दाखवलं की अशा धातूचं पोटेन्शियल, म्हणजे त्याची विद्युत पातळी, अगदी थोडं, दहाएक मिलिव्होल्ट, इकडेतिकडे सरकवायचं आणि त्यासाठी किती प्रवाह लागला ते पाहायचं. थोड्याशा प्रवाहाने सहज सरकलं तर गंज मंद आहे, अडून राहिलं तर जोरात. यापेक्षा जास्त ढकललं तर धातूची स्थितीच बदलते आणि मग आपण आपल्याच ढकलण्याचं माप घेत बसतो. समोरच्या वस्तूला धक्का न लावता तिच्याकडून उत्तर काढायचं, हे मला या शास्त्रातलं सर्वांत सुंदर वाटत आलं आहे.

पुढे त्यावरच इम्पीडन्सचं तंत्र आलं. एकच धक्का देण्याऐवजी अनेक वारंवारतांची लहानशी एसी लहर पाठवायची आणि धातू प्रत्येकीला कसा प्रतिसाद देतो ते ऐकायचं. कलिंगडवाला टिचक्या मारून आतलं सांगतो तसंच हे. फरक एवढाच की इथली शेवटची टिचकी दहा मिलिहर्ट्झची असते, तिच्या एका आवर्तनाला शंभर सेकंद लागतात. त्यामुळे संध्याकाळी सेल लावून घरी जायचं आणि सकाळी कागदावर अर्धवर्तुळ उमटलंय का ते बघायचं, असा आमचा क्रम असे.

उपकरणं तेव्हा बाहेरून मागवणं म्हणजे परकीय चलनाच्या परवानगीपासून सुरुवात. इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल हवं तिथे धरून ठेवणारं उपकरण, पोटेन्शिओस्टॅट, आम्ही स्वतः बांधायचो. लॅमिंग्टन रोडला जायचं, 741 ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), रेझिस्टर, डब्याला लावायची नॉब असं पिशवीत भरून आणायचं, आणि खिडकीपाशी सोल्डरिंग करत बसायचं. तिथले दुकानदार आम्हाला रेडिओ दुरुस्तीवाले समजत नसत. कोणत्या ऑप-अँपमुळे मापात कमी विद्युत-गोंगाट मिसळतो हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक असे. काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटवरून यायचं. पण सेल मात्र आमचे काचकाम करणारे काका बनवून देत. तीन इलेक्ट्रोडसाठी तीन तोंडं, नायट्रोजनसाठी चौथं, आणि संदर्भ इलेक्ट्रोडसाठी लगिन केशनलिका. तिचं टोक सळईच्या अगदी जवळ यायला हवं, म्हणजे द्रावणाचा रोध मोजमापात शिरत नाही. फार जवळ आलं तर तेच टोक पृष्ठभागावर सावली धरतं. काका ज्योतीत नळी ओढत आणि विचारत, "किती बारीक?" मी टाचणी दाखवायची. त्यांनी इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा एक धडा वाचलेला नव्हता, आणि आमच्या प्रबंधांतले निम्मे आलेख त्यांच्या फुंकरीवर उभे आहेत. प्रबंधात त्यांचे आभार एका ओळीत मानले जातात. ते मला कधीच पुरेसं वाटलं नाही.

मायक्रोअँपिअरच्या मापात भिंतीतल्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची गुणगुण मिसळायची. त्यावर उपाय म्हणून सगळा सेल पत्र्याच्या मोठ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवून डबा अर्थिंगला जोडायचा. फॅरडेचा पिंजरा तो हाच. आलेख एक्स-वाय रेकॉर्डरच्या शाईच्या पेनाने कागदावर उतरत. शिखराखालचं क्षेत्रफळ हवं असेल तर तो भाग कात्रीने कापायचा आणि रासायनिक तराजूवर त्या कागदाचं वजन करायचं. आजच्या मुलांना सॉफ्टवेअर तो आकडा क्षणात देतं. द्यायलाच हवा. पण कागद कापताना शिखराची पायारेषा कुठे धरायची याचा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागे, आणि तो निर्णय किती निसरडा असतो हे बोटांना कळून राही.

1989 चा मार्च महिना आमच्या पिढीतला कुणीही विसरणार नाही. 23 तारखेला अमेरिकेत यूटामध्ये मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली: जड पाण्यात पॅलेडियमचा कॅथोड ठेवून विद्युतविश्लेषण केलं आणि त्यातून रासायनिक हिशेबात न बसणारी उष्णता मिळाली, म्हणजे टेबलावर अणुसंमीलन. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नव्हती. इकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गट कामाला लागले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याच्या नोंदी त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केल्या. मुंबईतल्या आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळांत तेव्हा दुसरा विषय नव्हता. लोकलमध्ये शेजारचा प्रवासी हातातलं जर्नल पाहून विचारायचा, "ते थंड अणुशक्तीचं खरंय का हो?"

पुढे बहुतेक प्रयोगशाळांना ते निकाल पुन्हा मिळवता आले नाहीत आणि शास्त्रीय जगाने तो दावा मान्य केला नाही. फ्लाइशमन यांच्यावर हसणाऱ्यांत मी कधी सामील झाले नाही. 1974 मध्ये साउदॅम्प्टनला चांदीच्या इलेक्ट्रोडवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नोंदलेल्या तीव्र रामन संकेतांतून (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखू देणारे संकेत) एक अख्खं तंत्र उभं राहिलं आहे. तो माणूस मोठाच होता. त्या वर्षाने मला एक गोष्ट शिकवली ती अशी की इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग प्रत्येक वेळी नवा असतो. पॅलेडियम कुठल्या कारखान्यातलं, त्यात भेगा किती, किती हायड्रोजन आत शिरला, उष्णतामापकातून कडेने किती उष्णता निसटली, यातलं एक जरी नोंदलेलं नसेल तर दुसऱ्याला तो प्रयोग करताच येत नाही. बाईंनी तेव्हापासून आम्हाला वहीत सळईचा गट क्रमांक, एमरी पेपरचा नंबर, त्या दिवशीची आर्द्रता सगळं लिहायला लावलं. त्या वह्या आजही उघडता येतात आणि त्यांतला प्रयोग आजही करता येतो.

काँक्रीटकडे मला या शहराने वळवलं. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या इमारतीचा स्लॅब, सज्जा, जिना कोसळल्याची बातमी असतेच. लोक म्हणतात पाणी मुरलं, बांधकाम जुनं झालं. आतलं कारण बहुतेकदा विद्युतरासायनिक असतं. चांगल्या काँक्रीटचा पीएच 12.5 ते 13 असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो आणि तो तिला अनेक दशकं सांभाळतो. हा थर दोन गोष्टींनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरून पीएच नऊच्या आसपास आणतो. किंवा मिठातलं क्लोराइड आत पोचून थराला ठिकठिकाणी भोकं पाडतं. मुंबईत दोन्ही हजर. समुद्रावरून येणारा खारा वारा तर आहेच, पण खाडीतली रेती न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच बसलेलं असतं. आयएस 456 या आपल्या मानकात सळईच्या काँक्रीटसाठी घनमीटरमागे 0.6 किलो क्लोराइडची मर्यादा आहे, आणि किनाऱ्यालगतच्या वातावरणासाठी सळईवर 45 ते 50 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईला झाकणारं काँक्रीट, सांगितलं आहे. जुन्या छज्ज्यांना पंधरा मिलिमीटर कव्हर असलेलं मी हाताने मोजलं आहे.

थर फुटला की इव्हान्सच्या थेंबातलंच नाटक आत सुरू होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीट दाबाला भक्कम असलं तरी ताणाला कच्चं, त्यामुळे ते सळईच्या रेषेत तडकतं, गिलाव्याला पोपडे येतात आणि एक दिवस खपली निघते. मग मिस्त्री येतो, सैल झालेलं खरवडतो, नवा मसाला भरतो, रंग मारतो. आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या पॅचच्या शेजारीच नवीन तडा जातो. सोसायटीचे लोक कंत्राटदाराला दोष देतात. पुष्कळदा तो निर्दोष असतो. पॅचमधली सळई आता ताज्या अल्कधर्मी मसाल्यात आहे, ती सुरक्षित झाली. पण पूर्वी तिथली गंजणारी जागाच आजूबाजूच्या सळईला नकळत वाचवत होती. सगळी झीज स्वतःवर घेत होती. ती जागा बंद पडली, शेजारच्या काँक्रीटमध्ये मीठ तसंच राहिलं, आणि आता शेजारची सळई विरघळायला लागली. नव्या पॅचमधलं लोखंड उलट तिला जास्त खायला मदत करतं. हे मी किती सभांमध्ये समजावून सांगितलं असेल! मीठ शिरलेला सगळा भाग काढा, नाहीतर पॅचच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे अॅनोड बांधा, म्हणजे झीज जस्तावर जाईल. खर्च वाढतो, हे खरं. दर तीन वर्षांनी परांची बांधण्याचा खर्च कुणी त्याच्याशी ताडून पाहत नाही याचा मात्र मला राग येतो.

माहीमला समुद्राच्या बाजूच्या एका सोसायटीत आम्ही अशी तपासणी केली होती. तांब्याची कांडी, मोरचुदाचं संपृक्त द्रावण, खाली सच्छिद्र बूच, त्याला ओला स्पंज. हा झाला संदर्भ इलेक्ट्रोड. एक सळई उघडी करून तिला व्होल्टमीटरचं एक टोक जोडायचं आणि स्पंज काँक्रीटवर चौकटीचौकटीने टेकवत आकडे लिहायचे. सगळं साहित्य एका पिशवीत मावतं. आकडा उणे 200 मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. उणे 350 पेक्षा जास्त ऋण असेल तर गंज असण्याची शक्यता तितकीच. मधल्या पट्ट्यात निश्चित काही सांगता येत नाही, आणि ते तसंच सांगावं.

पूर्वेकडचे आकडे छान आले. पश्चिमेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या छज्ज्यापाशी मीटर उणे 400 च्या पलीकडे गेला. वरून छज्जा धडधाकट. नवा रंग, तडा नाही, डाग नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, फुटलेलं तर काहीच दिसत नाही. मेंबरांना काय सांगू?"

त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पैसे लोकांचे, घरं मध्यमवर्गीयांची, आणि मी त्यांच्यापुढे एका ऋण आकड्यावर खर्च मागत होते. शिवाय नुसत्या पोटेन्शियलवर निकाल देऊ नये असं मी स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवते: पाण्यात कायम बुडालेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन पोचत नाही, तिथे आकडा खूप ऋण येतो आणि गंज मात्र जवळजवळ नसतो. म्हणून आम्ही त्या जागी स्टर्न-गिअरीच्या रीतीने पोटेन्शियल किंचित सरकवून ध्रुवीकरण रोध मोजला, ड्रिलची भुकटी घेऊन क्लोराइड तपासलं. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. तेव्हा सभेत मी म्हटलं, "एक फूट उघडून बघू. काही नसेल तर बुजवण्याचा खर्च आमचा." तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, उघडा. माझ्या खिडकीखालून शाळेची पोरं जातात." उघडलं. दहा मिलिमीटरची सळई एका जागी निम्मी उरली होती, आणि क्लोराइडमुळे होणारा काळसर गंज पसरायला जागा शोधत काँक्रीटच्या छिद्रांत जिरला होता, म्हणून वर तडाच उमटला नव्हता.

छज्जा पाडून नवा केला. त्यानंतर तिथे काहीही घडलेलं नाही. त्या इमारतीचा उल्लेख कुठल्या शोधनिबंधात नाही. माझ्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं ते आहे.

जस्ताने लोखंड वाचवण्याची युक्ती पाहायची असेल तर ससून डॉकवर जावं. दुरुस्तीसाठी वर घेतलेल्या ट्रॉलरच्या पंख्यापाशी जस्ताचे ठोकळे बसवलेले दिसतात, काही अर्धे झिजलेले. ते झिजले की नाखवा बदलतो. या युक्तीला दोनशे वर्षं झाली. लाकडी जहाजांना किडे आणि शेवाळ लागू नये म्हणून खाली तांब्याचा पत्रा ठोकत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ त्याच जमान्यातलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. समुद्रात हा तांब्याचा पत्रा झिजायचा. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने त्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडून झीज थांबवली. प्रयोग झाला तो ‘समारंग’ नावाच्या, आपल्याच कोचीत बांधलेल्या जहाजावर. तांबं वाचलं, अगदी सिद्धांतानुसार. पण तांबं विरघळेनासं झाल्यावर शिंपले आणि शेवाळ तळाला चिकटू लागले, जहाजांचा वेग पडला, आणि आरमाराने ती योजना सोडून दिली. तांब्याचं ते थोडंसं विरघळणंच जहाजाला स्वच्छ ठेवत होतं.

मी ही गोष्ट दर वर्षी पहिल्याच तासाला सांगायची, कारण ती आजही लागू आहे. संरक्षण जास्त झालं तर तेही बाधतं. ताणलेल्या उच्चशक्तीच्या तारा असलेल्या पुलाला प्रमाणाबाहेर कॅथोडिक संरक्षण, म्हणजे झीज दुसरीकडे वळवणारं असंच संरक्षण, दिलं तर तारेवर हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरतो आणि तार ठिसूळ होते. किती मिलिव्होल्टवर थांबायचं हे मोजूनच ठरवावं लागतं.

लोकल गाड्यांबद्दलही एक सांगायला हवं. 1925 मध्ये व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आणि शहरातली डीसी पूर्णपणे जायला 2016 उजाडलं. डीसी गाडीचा प्रवाह रुळांतून परत जातो, थोडा जमिनीत झिरपतो, वाटेत लोखंडी पाइप मिळाला तर त्यातून पळतो. जिथून तो पाइप सोडून बाहेर पडतो तिथलं लोखंड विरघळतं. एक अँपिअर वर्षभर असा बाहेर पडत राहिला तर नऊ किलोहून अधिक लोखंड जातं. 25 केव्ही एसी आल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. गाड्यांचा वेग, विजेची बचत याबद्दल तेव्हा भरपूर लिहून आलं. जमिनीखालच्या पाइपांना मिळालेल्या या आरामाबद्दल मात्र माझ्या वाचनात फारसं आलं नाही.

आता मी निवृत्त आहे. किनाऱ्याजवळच्या एका गच्चीवर आमची चौकट उभी आहे: समुद्राकडे तोंड करून तिरके लावलेले पोलादाचे तुकडे, काही साधे, काही जस्त चढवलेले, प्रत्येकावर क्रमांक ठोकलेला. ठरलेल्या काळाने काही उतरवायचे, गंज काढायचा, वजन करायचं. पहिल्या वर्षी झीज सर्वांत जास्त होते, मग गंजाचाच थर थोडा अडसर होतो आणि वेग मंदावतो. काळ आणि झीज दोन्ही लॉगरिदममध्ये मांडले की बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. ही रेषा तीन वर्षांच्या प्रकल्पात नीट काढता येत नाही. तीन वर्षांनी निधी संपतो, अहवाल जातो, चौकट भंगारात निघते, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं. आमची टिकली कारण दरवेळी कुणीतरी विद्यार्थी दुसऱ्या कामाच्या वेळातून वेळ काढून गच्चीवर जात राहिला. शेवटचे तुकडे अजून बरीच वर्षं उतरायचे नाहीत.

ज्या मुलीकडे या चौकटीची वही दिली तिने परवा फोन करून विचारलं, "मॅडम, नमुने क्लार्क द्रावणात किती वेळ ठेवायचे?" मी तिला सांगितलं, वेळेपेक्षा हे बघ: गंज निघेपर्यंत थोडा थोडा वेळ बुडव, दरवेळी धू, वाळव, वजन कर. आणि सोबत न गंजलेला कोरा तुकडाही प्रत्येक वेळी तितकाच बुडव. द्रावणातल्या आम्लाने जे खाल्लं ते समुद्राच्या नावावर लिहायचं नाही. आर्द्रताही लिही. आणि पुढच्या वेळी जाताना ब्रश नायलॉनचा ने, तारेचा नको.